पंपाशेजारची खोली

एकतीस वर्षांचा संसार अर्ध्या टेम्पोत मावला. उरलेल्या अर्ध्यात टेम्पोवाल्यानं मनोरला भाजीची पोती चढवली, आणि आचोळ्याला पोचेपर्यंत कार्मिनच्या गाद्यांना कांद्याच्या पातीचा वास लागला. सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरची अकरा तारीख होती. लुईस मास्तर पुढे ड्रायव्हरशेजारी कोट घालून बसले होते. मांडीवर भिंतीवरचं घड्याळ. मिशननं निरोपाला शाल, नारळ आणि हे घड्याळ दिलं होतं. शाल कार्मिननं अंगाभोवती घेतली होती. नारळ जव्हारच्या घाटात एका वळणावर गडगडत खाली गेला, तो थांबून शोधायला टेम्पोवाला तयार झाला नाही.

लुईस तुस्कानो मोखाड्याकडच्या डोंगरात खैरपाड्याच्या मिशनवर प्रचारक म्हणून गेले तेव्हा पस्तीस वर्षांचे होते, कार्मिन तिशीची. मास्तर पाड्यापाड्यांवर चालत जायचे, मुलांना पाटीवर अक्षरं काढायला शिकवायचे, संध्याकाळी प्रार्थना घ्यायचे. कार्मिन बोर्डिंगच्या मुलींचं बघायची. त्यांच्या डोक्यातल्या उवा, त्यांचे ताप, त्यांची नागली-भाकरी. स्वतःचं मूल झालं नाही, आणि एवढ्या पोरींच्या गराड्यात त्याचं फारसं काही वाटून घ्यायला वेळही झाला नाही.

मग नवीन फादर आले. तरुण, चौतीस वर्षांचे. त्यांच्याबरोबर दोन सिस्टर आल्या आणि जीप आली. ऑक्टोबरात एका संध्याकाळी फादर मास्तरांच्या ओट्यावर बसून म्हणाले, "मास्तर, खरं मिशन आता शहरात आहे. नालासोपाऱ्याच्या पूर्वेला रोज एक बिल्डिंग उभी राहतेय. चर्च नाही, माणसं विखुरलेली. तिथं तुमच्यासारखं अनुभवी जोडपं पाहिजे."

मास्तरांचे डोळे भरून आले. सहासष्टाव्या वर्षी आपल्याला नवीन काम मिळतंय म्हणून. कार्मिन चहाचे कप विसळत होती. फादर बोलताना मास्तरांकडे नाही, घराच्या आढ्याकडे बघत होते, हे तिनं पाहिलं. दोन महिन्यांमागे सिस्टरांनी टेप लावून तेच घर मोजून नेलं होतं.

टेम्पो पोचला तेव्हा आचोळ्याच्या नीलकमल बिल्डिंगच्या फाटकात रॉबर्ट उभा होता. चाळिशीचा, बँकेत नोकरीला, अंधेरीहून चार वर्षांमागे इथं फ्लॅट घेऊन आलेला. ख्रिस्ती लोकांच्या कमिटीचा तो अध्यक्ष. माणूस धावपळ्या होता. त्यानं स्वतः गादी खांद्यावर घेतली.

"वेलकम, वेलकम! या अंकल. आंटी, सांभाळून हां, तिथं वायर आहे."

कार्मिननं मास्तरांकडे पाहिलं. एकतीस वर्षांत त्यांना कुणी अंकल म्हटलं नव्हतं.

खोली जिन्याच्या मागं होती. एक खिडकी, ती गाड्या लावायच्या जागेत उघडायची. पलीकडच्या भिंतीला पाण्याचा पंप. मोरी होती, संडास बाहेर.

"टेम्पररी आहे हां," रॉबर्ट म्हणाला. "सोसायटीनं वॉचमनसाठी बांधलेली. सेक्रेटरीच्या हातापाया पडून मिळवली मी. आपली चर्चची जागा झाली की तुम्हाला प्रॉपर घर."

त्यानं मास्तरांच्या हातात तीन किल्ल्या दिल्या. एक खोलीची. एक तळमजल्यावरच्या हॉलची. तिथं आठवडाभर ट्यूशनचे वर्ग भरायचे आणि रविवारी पश्चिमेकडून फादर येऊन मिस्सा करायचे. तिसरी पंपाची.

"सकाळी साडेपाचला टँकर येतो. त्याला खालच्या टाकीचं झाकण उघडून द्यायचं. मग पंप. वीस मिनिटं फक्त, नायतर वरची टाकी भरून वाहते. तुम्ही आलात, माझी मोठी चिंता मिटली."

मास्तरांनी खिशातली वही काढून लिहून घेतलं. वीस मिनिटं.

रॉबर्ट गेल्यावर कार्मिन म्हणाली, "हे प्रचारकाचं काम का?"

"सुरवातीला सगलीकडं असंच असते," मास्तर घड्याळासाठी भिंतीत खिळा ठोकत म्हणाले. "खैरपाड्याला पयल्या वर्साला आपुन विहीर नव्हती खनली?"

खिळा भिंतीत शिरेना. नुसती रेती गळत राहिली. शेवटी घड्याळ ट्रंकेवर टेकवून ठेवलं.

दिवस कामात जायला लागले. पहाटे टँकर, मग पंप. पंप सुरू झाला की भिंत थरथरायची आणि कार्मिनच्या दाढेत कळ यायची. मग हॉल झाडायचा, एकशेवीस प्लास्टिकच्या खुर्च्या पुसायच्या, ट्यूशनच्या पोरांनी बाकांवर टाकलेले चिकट कागद खरवडायचे. रॉबर्टची बायको ग्रेसी वरून यायची, गाऊनवर ओढणी घेऊन. बाई वाईट नव्हती. "आंटी, कोपरे पण हां," एवढंच म्हणायची, आणि जाताना कधी वाटीभर भाजी ठेवून जायची. कालची.

मास्तरांनी वहीत ख्रिस्ती घरांची यादी केली. रोज संध्याकाळी दाढी करून, कोट घालून ते जिने चढायचे. खैरपाड्याला ते कुठल्याही झोपडीत वाकून शिरले की आधी पाण्याचा तांब्या यायचा. इथं दार साखळीपुरतं उघडायचं. आतून टीव्हीचा आवाज. "हां अंकल, बरं झालं आलात. तिसऱ्या माळ्याला पाणीच चढत नाहीये." मास्तर म्हणायचे, बघतो. खाली येऊन पंपाचा वॉल्व्ह फिरवायचे. चौथ्या दिवशी गुडघा सुजला. कार्मिननं मीठ गरम करून शेकला.

"माझा आवाज ऐकला की उद्या-परवा ओलखतील," मास्तर म्हणाले. "नाताळला बायबलचं वाचन दिलं तर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रॉबर्टला विचारलं. रॉबर्टनं मान हलवली. "रीडिंग यूथला दिलंय अंकल. त्यांनी प्रॅक्टिस केलीय." मग त्यालाच वाईट वाटलं असावं. "तुम्ही गोठा करा ना नाताळचा. गावच्या पद्धतीचा."

त्या भागात त्यांचं स्वतःचं कुणी नव्हतं असं नाही. मास्तरांचा धाकटा भाऊ सेबेस्टियन रेल्वेच्या पलीकडे, अर्नाळ्याच्या रस्त्यावरच्या गावात राहायचा. वाडी बापाची. मिशनवर निघताना मास्तरांनी आपला हिस्सा सही करून भावाला दिला होता. देवाच्या कामाला निघालेल्याला वाडी कशाला, असं म्हणून. कार्मिनला तेव्हा नवऱ्याचा अभिमान वाटला होता, ही खरी गोष्ट. आल्यावर पहिल्या रविवारी दोघं भावाकडे गेली. कौलारू घराच्या जागी बंगला होता. जावेनं पाहुण्यांच्या कपातून चहा दिला आणि विचारलं, "किती दिस हात इकडं?" सेबेस्टियननं संगमरवराचा जिना दाखवला आणि नाताळला जेवायला या म्हणाला. कधी, किती वाजता, ते बोलला नाही.

मग एका पहाटे कार्मिननं टँकरच्या पाण्याची ओंजळ तोंडात धरली. गोड पाणी. लग्न होऊन आली त्या वर्षी हेच पाणी तिनं शेंदलं होतं.

"कुठलं रे पानी?" तिनं ड्रायव्हरला विचारलं.

"अर्नाळा रोड. सेबेस्टियन शेटची विहीर." ड्रायव्हर पाइप गुंडाळत म्हणाला. "मोटर बंदच होत नाय शेटची."

मास्तर झाकण धरून उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि झाकण सरकवून लावलं.

सतरा तारखेला सकाळी फाटकाशी पाच बायका आल्या. डोक्यावर दोन-दोन हंडे, गुडघ्यापर्यंत लुगडी, पायांवर वाळलेला चिखल. रस्त्यापलीकडे खाऱ्या दलदलीच्या, खाजणाच्या कडेला वीटभट्टी होती, तिथल्या. भट्टीच्या खड्ड्यातलं पाणी मचूळ, प्यायचं नाही. बिल्डिंगा धरून त्या पाण्यासाठी फिरत होत्या. कार्मिन झाडू घेऊन पुढे झाली, आणि पुढची बाई तिच्याकडे बघतच राहिली.

"बाय?" ती म्हणाली. "बाय, तू इथं?"

कार्मिनच्या हातातला झाडू पडला. रेजिना होती. खैरपाड्याची मंगली, कार्मिननंच तिला बाप्तिस्म्याला मांडीवर घेतलं होतं आणि रेजिना नाव दिलं होतं. बोर्डिंगमध्ये नऊ वर्षं होती, मग लग्न होऊन डोंगरापलीकडच्या पाड्यावर गेली ती पुन्हा दिसली नव्हती. गोवर आला तेव्हा कार्मिन अकरा दिवस तिच्या उशाशी बसली होती. आता तिशीतच तिचे पुढचे दोन दात गेले होते.

"सासरचा आख्खा पाडा इथं हाय," रेजिना हसत म्हणाली. "भात झोडला का येतो दरवर्षी. मास्तर पन हाय? जित्ता हाय?"

कार्मिननं नळाला पाइप लावला आणि दहाच्या दहा हंडे भरून दिले. मास्तर आतून चपला न घालताच धावत आले.

त्या दिवसापासून मास्तरांचा गुडघा दुखायचा थांबला. अंधार पडायच्या आत ते भट्टीवर जायचे. कधी कार्मिनही जायची. बांबूच्या आणि भाताच्या पेंढ्याच्या खोपी, त्यात वाकून शिरायचं, आणि आधी पाण्याचा तांब्या. तोच, तिनं सकाळी भरून दिलेला. दिवसभर विटांच्या चिखलाचा गारा तुडवलेल्या बायका पाय न धुताच प्रार्थनेला बसायच्या. मास्तरांनी पंधरा-वीस वर्षांमागे त्यांच्या पाड्यावर जाऊन शिकवलेली नाताळची गाणी म्हाताऱ्यांना पाठ होती. नवीन एक त्यांनी बसवायला घेतलं. गोठ्यासाठी रेजिनानं पेंढा आणून दिला, मास्तरांनी तो हॉलच्या कोपऱ्यात विणला आणि बिल्डिंगची मुलं बघायला जमली.

"पंचवीसला सकाळी नऊ वाजता," मास्तरांनी भट्टीवर सगळ्यांना सांगितलं. "हॉलमधी मिस्सा. सगल्यांनी यायचं. गानं आपलं."

"मुकादमाशी बोलाय लागंल," एक म्हातारा म्हणाला.

"बोला. नाताळ हाय."

परत येताना मास्तर रस्त्यात थांबले. "फादर खोटं नाय बोलले," ते कार्मिनला म्हणाले. "शहरातच मिशन हाय. बघ, आपली मानसं आपल्या आधी येऊन बसलीत."

बावीस तारखेला रॉबर्ट कामावरून आला तो घरी न जाता बॅगसकट खोलीच्या दारात उभा राहिला.

"अंकल, दोन मिनिटं."

कार्मिननं स्टूल पुसून पुढे केलं. तो बसला नाही.

"पाण्याचं आधी. वरून लोक बघतात. टँकर सगळे मिळून मागवतो आपण. उद्या सगळी भट्टी लाइन लावेल."

"पाच बायका येतात," कार्मिन म्हणाली. "दोन-दोन हंडे."

"आंटी, मला काय प्रॉब्लेम नाही. लोक बोलतात ते सांगतोय." त्यानं घाम पुसला. "आणि नाताळला किती येणार तिकडून?"

"तीस-पस्तीस," मास्तर उत्साहानं म्हणाले. "गानं बसवलंय. तुम्ही ऐका तर—"

"अंकल, खुर्च्या एकशेवीस. आपलीच माणसं दीडशेच्या वर. पाहुणे येणार, सुना-जावई येणार. मिस्सा झाली की तिथंच केक, तिथंच जेवण. त्यांना कुठं बसवणार? खाली बसवलं तर तेही बरं दिसत नाही." त्यानं बॅग या हातातून त्या हातात घेतली. "कपड्यांचं, वासाचं मी बोलत नाही. बोलणारे बोलतात. मी म्हणतो, सव्वीसला वेगळी मिस्सा ठेवू. फक्त त्यांच्यासाठी. अकरा वाजता. त्यांनाही मोकळं वाटेल. फादरशी मी बोलतो. तुम्ही फक्त त्यांना सांगा. तुमचं ऐकतील."

मास्तरांनी वही मिटून खिशात ठेवली.

"एक तारखेला सोसायटीची मीटिंग आहे," रॉबर्ट आवाज खाली आणून म्हणाला. "खोलीचा विषय निघणारच आहे. वॉचमन पाहिजे लोकांना. मी सांभाळतोय अंकल. तुम्हीपण मला थोडं सांभाळा."

जिन्यावरून कुणीतरी खाली आलं, स्कूटर सुरू करून गेलं. तो आवाज जाईपर्यंत तिघं तशीच उभी होती.

"बरं," मास्तर म्हणाले.

तेवीसला ते भट्टीवर जाऊन आले. कार्मिननं ताट वाढता वाढता विचारलं, "सांगितलं?"

"गानं म्हनत होती. मधीच कसं सांगू? उद्या सांगतो."

चोवीसला गेले आणि लगेच परत आले. खोपींपुढे बायका बसून लुगडी धूत होत्या, पोरांच्या डोक्याला तेल घालत होत्या. मास्तर खोलीत येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. कार्मिनला स्वतःला जाता आलं असतं. रस्ता ओलांडून पाच मिनिटांची वाट. ती गेली नाही. ज्यानं बोलावलं त्यानंच सांगावं, असं तिनं मनाशी धरलं होतं. आणि त्याच्याखाली, फार खाली नाही, ही एक खोली होती. सेबेस्टियनच्या बंगल्याचं दार होतं, ते तिनं पाहिलं होतं. खैरपाड्याच्या घरात आता सिस्टर राहत होत्या.

नाताळच्या सकाळी पंप चालवून, हॉल पुसून, खुर्च्या लावून कार्मिननं ठेवणीतली साडी नेसली. साडेआठला माणसं उतरायला लागली. सेंटचा वास, पोरींच्या फ्रॉकवरची चमकी. गोठ्यापुढे उभं राहून सगळे फोटो काढत होते. ग्रेसीनं तिला केकच्या ताटल्या मांडायला मागच्या पॅसेजमध्ये लावलं.

पॅसेजच्या जाळीतून फाटक दिसायचं. पावणेनऊला भट्टीवरची माणसं आली. एका रांगेत, शेतातल्या बांधावरून चालावं तशी. पुरुषांचे सदरे चुरगळलेले पण पांढरे. बायकांच्या अंबाड्यांत झेंडू. पुढे रेजिना, तिच्या शेजारी तो म्हातारा, गळ्यात ढोल. फाटकात उभा असलेला रॉबर्ट वळला आणि त्यानं हॉलच्या दाराकडे, मास्तरांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

मास्तर कोटाची बटणं लावत फाटकाकडे गेले. कार्मिन हातातली ताटली घेऊन मागच्या दारानं बाहेर आली आणि जिन्याच्या खांबाशी थांबली.

"आलात," मास्तर म्हणाले. "बरं झालं. पन आज नाय. आज हॉल भरलाय. उद्या या. फादर उद्या तुमच्यासाठीच येनार हात. फक्त तुमच्यासाठी."

मागची पोरं वाकून आत बघत होती. गोठ्यावरचे दिवे फाटकातून दिसत होते.

"मास्तर, नाताळ आज ना?" रेजिनानं विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

"उद्या पन नाताळच. आठ दिस असतो नाताळ."

"तूच शिकवलास ना, पंचवीस."

"मी सांगतो ना आता!" मास्तरांचा आवाज चढला. वर्गात चढायचा तसा. "उद्या अकरा वाजता. जा आता. गर्दी नका करू."

म्हाताऱ्यानं ढोल गळ्यातून काढून काखेत घेतला. "चला," तो म्हणाला. "हॉल त्यांचा हाय." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असं ऐकायची सवय असलेल्या माणसाचं बोलणं. रांग उलटी फिरली. जी पोरं मागं होती ती पुढे झाली.

रेजिना थांबली होती. तिला खांबाशी उभी असलेली कार्मिन दिसली. तिनं तिथूनच विचारलं, "बाय, पानी उद्या भरायचा का तो पन नाय?"

कार्मिननं हातातली ताटली छातीशी धरली. रेजिनानं थोडी वाट पाहिली आणि ती गेली.

मिस्सा सुरू व्हायच्या आत रॉबर्ट मास्तरांच्या जवळ आला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "थँक्यू अंकल. पहिलं वाचन तुम्ही करा आज. यूथला मी सांगितलंय."

कार्मिन शेवटच्या ओळीत, दारापाशी बसली होती. मास्तर पुढे गेले. चष्मा लावला, पुस्तकाचं पान बोटानं धरलं आणि वाचायला लागले. आवाज चांगलाच होता त्यांचा. डोंगरात माइकशिवाय एका पाड्याचं दुसऱ्या पाड्यावर ऐकू जायचा. हॉलमधली कुजबुज थांबली. साखळीच्या फटीतून बोलणारी ती सगळी माणसं मान वर करून ऐकत होती. वाचून झाल्यावर मास्तर क्षणभर उभेच राहिले, आणि मग जागेवर आले. त्यांचा चेहरा उजळला होता. कार्मिननं तो चेहरा नीट बघून घेतला.

शेवटी रॉबर्टनं माइकवर अंकल-आंटींचे आभार मानले, हॉल एवढा स्वच्छ ठेवल्याबद्दल. टाळ्या पडल्या. जेवणं झाल्यावर डुकराच्या मटणाच्या इंद्यालची मोठी पातेली घासायला ग्रेसीनं कार्मिनबरोबर हात लावला आणि घरी न्यायला केकचा डबा दिला.

संध्याकाळी खोलीत मास्तर खाटेवर बसून म्हणाले, "मागपर्यंत पोचला का गं आवाज?"

"पोचला," कार्मिन म्हणाली.

सव्वीसला सकाळी नऊ वाजता रॉबर्ट अर्ध्या चड्डीवर खाली आला. "अंकल, फादरचा फोन होता. त्यांच्याकडे पाहुणे आलेत, आज जमत नाही म्हणतात. नवीन वर्षात बघू. तेवढं सांगून टाका."

"बरं," मास्तर म्हणाले.

हॉलमध्ये त्यांनी पस्तीस खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. पुढच्या ओळींत, गोठ्याजवळ. रॉबर्ट गेल्यावर ते एका खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले.

"कार्मिन," ते म्हणाले. "तू जाऊन ये. येतील सगली अकराला. दोनदा कसं सांगू मी? तुझं ऐकतील."

ती निघाली. रस्ता ओलांडला, खाजणाच्या बाजूची पायवाट धरली. भट्टी दुरूनच चालू दिसत होती. पुरुष गारा तुडवत होते, मांड्यांपर्यंत चिखल. बायका साच्यातून विटा थापत होत्या. ढोलवाला म्हातारा तूस पसरत होता. कालची लुगडी कुणाच्या अंगावर नव्हती. अकराला कुठं जायचंय, अशी कुणाचीच लगबग नव्हती.

रेजिना ओल्या विटांच्या रांगेत बसून, थोड्या वाळलेल्या विटा एकेक करून कडेवर उभ्या करत होती. कार्मिन तिच्यासमोर उभी राहिली.

"रेजिना, आज फादर येनार नाय," ती म्हणाली.

"येऊ दे नायतर नको," रेजिना म्हणाली. हात थांबला नाही. "आमाला कुठं यायचा हाय? रजा कालची होती. एका दिसाची मागून घेतली. तेच्यासाठी गेला आयतवार भरून दिला आख्ख्या भट्टीनं, येता पन भरायचा हाय. आज कोन सोडल?"

कार्मिन खाली बसली. दोन रविवार. मास्तरांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलं नव्हतं, तिनंही नाही. उद्या या, असं त्यांनी म्हटलं तेव्हा त्या सगळ्यांना तिथल्या तिथं कळलं असणार की उद्या नाही. आणि एकानंही तसं बोलून दाखवलं नाही.

"काल मग काय केलंत दिसभर?"

"काय करनार? झोपलो."

कार्मिननं पदर खोचला आणि समोरच्या रांगेतल्या विटा उभ्या करायला घेतल्या. ओल्या विटेला बोटं रुततात. हलकी पकडली तर निसटते. पहिली मोडली. दुसरी राहिली. रेजिना नको म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. ऊन पाठीवर आलं. दोघी समोरासमोर रांग उरकत सरकत होत्या. एके काळी याच पोरीला ती केस विंचरताना मांडीत धरून ठेवायची, पळून जाऊ नये म्हणून.

मुकादम फिरत आला. उन्हाकडे पाठ करून थांबला. "ही कोन म्हातारी?"

रेजिनानं मान वर केली नाही. "बिल्डिंगमधली हाय," ती म्हणाली.

"आपल्या विटा नको मोडू म्हनावं."

कार्मिन उठली. उठताना हात टेकायला लागला आणि तिचा पंजा एका ओल्या विटेत उमटला. रेजिनानं ती वीट उचलून परत चिखलात टाकली, दुसरी थापायला.

ती परत आली तेव्हा अकरा वाजायला आले होते. मास्तर हॉलच्या दारात उभे होते. कोट, चष्मा, हातात प्रार्थनेचं पुस्तक. तिच्या कोपरापर्यंतच्या चिखलाकडे त्यांनी पाहिलं, पण विचारलं ते दुसरंच.

"सांगितलंस? नाय येत ना?"

एकतीस वर्षांत कार्मिन त्यांच्याशी खोटं बोलली नव्हती. बोलायची वेळच आली नव्हती.

"येतायत," ती म्हणाली. "निघाली सगली. पोरंसोरं घेऊन."

मास्तरांचा हात चौकटीवर गेला. "फादर नाय येनार, ते सांगितलं नाय तू?"

"तुमी सांगा," कार्मिन म्हणाली. "तुमचं ऐकतात."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग मागं वळून त्या पस्तीस खुर्च्यांकडे बघितलं. मग हळूहळू, गुडघा सांभाळत फाटकाकडे गेले आणि एका हातानं गज धरून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे ओठ हलत होते. काय सांगायचं, त्याची जुळवाजुळव चालली असावी.

कार्मिननं नळाखाली हात धुतले. नखांतला चिखल निघाला नाही. तिनं आतून सुपात तांदूळ आणले आणि खोलीच्या उंबऱ्यात, जिथून फाटक दिसतं तिथं, बसून निवडायला घेतले. रस्त्यावरून एक रिक्षा गेली. दोन पोरं गेली. ऊन सरकत सरकत मास्तरांच्या डोक्यावर आलं, तरी ते सावलीत आले नाहीत. साडेअकराला त्यांनी एकदा वळून तिच्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली, एक खडा उचलून बाजूला ठेवला आणि पुढची मूठ ओढली.